सारखेपणाची परीक्षा

१९५४ च्या अखेरीस बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात २३ वर्षांचा रिचर्ड हेरिक मृत्यूच्या दारात होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. जुळा भाऊ रोनाल्ड आपले एक मूत्रपिंड द्यायला तयार होता. पण शरीर परका अवयव नाकारते, आणि त्यामुळे तोवरचे असे प्रयत्न फसले होते.

हे दोघे एकाच बीजांडाचे आहेत का, हे म्हणून डॉक्टरांना आधी ताडून पाहावे लागले. दोन बीजांडे एकाच वेळी फळली, तर जन्मणारी जुळी इतर भावंडांसारखीच असतात. त्यांचा सुमारे निम्मा जनुकीय वारसा समान असतो. एकच फलित बीजांड पहिल्या दोनेक आठवड्यांत दुभंगले, तर दोघांचा वारसा जवळपास एकच असतो. हेरिक बंधूंच्या बोटांचे ठसे पोलिसांकडून घेतले गेले. खरे तर ठसे हुबेहूब जुळ्यांचेही वेगळे असतात. खरी कसोटी त्वचेची होती. एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावला, तो रुजला.

जुळ्यांच्या सारखेपणाचा हा शोध तोवर निष्पाप राहिलेला नव्हता. १८७५ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने पत्रे पाठवून जुळ्यांच्या हकिकती जमवल्या आणि संगोपनापेक्षा उपजत गुण प्रबळ, असा निष्कर्ष काढला. त्यानेच पुढे सुप्रजननशास्त्राला नाव दिले. त्या विचाराचे टोक नाझी जर्मनीने गाठले. ऑश्विट्झच्या छळछावणीत योसेफ मेंगेलेने जुळ्या मुलांची मोजमापे घेतली, त्यांच्यावर प्रयोग केले, आणि अनेकांना शवविच्छेदनासाठी ठार केले.

त्याला दहा वर्षे होत होती. निरोगी माणसावर, त्याचा स्वतःचा काही लाभ नसताना, शस्त्र चालवावे का? बॉस्टनच्या डॉक्टरांनी हा पेच धर्मगुरूंपुढेही मांडला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी धाडली, की तू घरी निघून जा. रोनाल्डने उलट कळवले, की मी इथेच राहणार.

२३ डिसेंबरला डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचे रोपण केले. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, त्याने लग्न केले, बाप झाला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले.

गाल्टनच्या प्रश्नाकडे पाहताना मला ती चिठ्ठी आठवते. वारसा एकच होता. तरी एक भाऊ जा म्हणाला आणि दुसरा राहिला.