दोन ओळींच्या पॅचला एवढी चिकित्सा कशाला?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्ये काळाचा हिशेब ठेवणारा जो भाग असतो, त्याविषयी आपल्याकडच्या संगणकवाल्यांत एक मत चांगलेच रुजले आहे. या भागातले बदल बहुधा दोन-चार ओळींचे असतात. त्यांवर मेंटेनर मंडळी आठवडेच्या आठवडे जो कीस काढतात, तो निव्वळ सोवळेपणा होय, असे ते मत. ते मांडणारे अडाणी नाहीत. त्यांत उत्तम प्रोग्रॅमर आहेत, आणि म्हणूनच त्याचे खंडन करणे अगत्याचे वाटते.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. पॅच लिहिणाऱ्याला आपले हार्डवेअर परीक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. चिप त्याच्या टेबलावर असते, परीक्षकापुढे नुसता मजकूर. शिवाय चाचण्या उत्तीर्ण झालेला कोड पुन्हा डोळ्यांनी वाचून काय निराळे सापडणार? तिसरे, वेळ आता नेटवर्कवरून येते. थोडीफार चूक झालीच तर नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपी ती सावरून घेतो. आणि चौथे, परीक्षक मोजके नि पॅच ढीगभर. या दिरंगाईने वाशिम-रिसोडकडून पहिला पॅच पाठवणारे पोर कायमचे दुरावते. मुद्दे वजनदार आहेत. वाचकाने पुरावा पाहावा आणि निवाडा करावा.

चाचण्यांपासून सुरुवात करू, कारण पूर्वपक्षाचा मुख्य आधार तोच. कर्नेल प्रोसेसरमधल्या गणकाचे ठोके वाचतो, त्यांना एका आकड्याने गुणतो आणि उत्तराचे काही बिट खाली सरकवून नॅनोसेकंद मिळवतो. एक्स८६ यंत्रांवर शेड्युलरसाठी वापरल्या जाणाऱ्या घड्याळात हा गुणाकार ६४ बिटांत केला जाई आणि मग १० बिट सरकवले जात. उरले ५४. दोनाच्या ५४व्या घाताइतके नॅनोसेकंद म्हणजे सुमारे २०८ दिवस. एवढा काळ यंत्र बंद न होता चालले, की गुणाकार ६४ बिटांत मावेनासा होई आणि घड्याळ एकाएकी मागे उडी घेई. दुरुस्ती झाली ती २०११च्या अखेरीस. आता सांगा, कोणती प्रयोगशाळा एका पॅचसाठी २०८ दिवस यंत्र चालू ठेवून बसते? पण वाचणाऱ्याला हा दोष कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत दिसतो. अट एवढीच की त्याने ‘हा आकडा कधी भरेल?’ असे विचारले पाहिजे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की चाचणीच अधिक हुशार करा. जरूर करावी. लिनक्समध्ये ‘जिफीज’ नावाचा गणक यंत्र सुरू होताना शून्यापासून निघत नाही. तो मुद्दाम अशा आकड्यावर ठेवतात, की ३२ बिटांचा गणक पाच मिनिटांतच भरून पुन्हा शून्यावर यावा. सेकंदाला हजार ठोके धरले तर एरवी त्यासाठी जवळजवळ ५० दिवस थांबावे लागले असते. ही युक्ती मला फार आवडते. पण ती सुचली कुणाला? गणक भरतो हे आधी वाचून जाणलेल्या माणसालाच. चाचणी वाचनाच्या पोटी जन्मते, वाचनाची जागा घेत नाही.

आता न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पाहा. १ जुलै २०१२ रोजी, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद मिळवला गेला. कर्नेलने आपले भिंतीवरचे घड्याळ एक सेकंद मागे घेतले. पण सूक्ष्म टायमरांना ती खबर पोचलीच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. भिंतीवरच्या घड्याळाच्या हिशेबाने सेकंदाहून कमी थांबायला सांगितलेला कार्यक्रम तत्काळ जागा होई, पुन्हा झोपायला जाई, पुन्हा जागा होई. प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र. रेडिट कोलमडले, क्वांटासची विमाने खोळंबली. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता: यंत्राला त्याचीच तारीख पुन्हा लावून द्यायची.

मूळ कुठे होते? टायमरांना खबर देणारी हाक कोडमध्ये पूर्वी होतीच. २००७ साली ती काढून टाकली गेली, आणि कारण सबळ होते: ती इंटरप्टच्या मध्येच दिली जात असल्याने यंत्र गोठण्याचा धोका होता. धोका गेला. हाकेचे काम मात्र कुणाकडे सोपवले गेले नाही. २००८अखेरचा लीप सेकंदही येऊन गेला. तरी हे छिद्र बुजले नाही. प्रतिपक्ष इथे टाळी मागेल: म्हणजे परीक्षणही फसलेच ना? फसले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण फसले ते अति झाल्याने की अपुरे पडल्याने? ‘ही ओळ धोक्याची आहे का?’ हे विचारले गेले. ‘ही ओळ गेल्यावर तिचे काम कोण करणार?’ हे राहून गेले. एक प्रश्न कमी पडला, म्हणून उरलेलेही बंद करावेत, हा कुठला न्याय?

प्रश्न न विचारता पुढे गेलेली चूक मुकाट्याने टिकते, हे वाशिमकरांना तरी नवे वाटू नये. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या खगोलविद पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थळे दिली आहेत; त्यांत अवंती म्हणजे उज्जैनबरोबर वत्सगुल्मही आहे. मध्यमेश्वराच्या देवळाशी गावाने ही रेषा जोडली आहे, आणि तो अभिमान समजण्याजोगा आहे. पण उज्जैन पूर्व रेखांश ७५.८च्या आसपास आहे नि वाशिम ७७.१च्या. फरक सव्वा अंशाहून अधिक, म्हणजे वेळेत पाच मिनिटांहून जास्त. दोन्ही गावांचे देशांतर, म्हणजे मध्यरेषेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर, शून्य धरले, की वाशिममधल्या तिथीच्या गणितात ही पाच मिनिटे मुकाट्याने शिरतात. रोजच्या सूर्योदयाला ती कळत नाहीत. कळली तर चंद्रग्रहणाच्या रात्री, तीही कुणी घटिकापात्र लावून जागत बसला तरच.

गंमत अशी, की त्याच ग्रंथात भास्कर स्वतः कडक परीक्षक होतो. दोन गावांतले अंतर नि अक्षांशांतला फरक घेऊन देशांतर काढण्याची प्रचलित रीत तो मांडतो आणि तिच्यावरचा आक्षेपही: वाटेचे अंतर लोकांच्या तोंडचे, स्थूल, शिवाय पृथ्वी गोल. ग्रहणाची गणिताने आलेली वेळ नि स्थानिक वेळ यांतला फरक हा त्याला अधिक विश्वासाचा वाटतो. रीतीची चिकित्सा झाली, यादी तशीच पुढे गेली. चूक टिकली ती यादीत.

एनटीपीच्या मुद्द्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. २०१२ साली लीप सेकंदाची सूचना यंत्रांना बहुधा एनटीपीनेच दिली होती, आणि ती अचूक होती. सूचना अमलात आणणारा कर्नेल चुकला. निरोप बरोबर असून भागत नाही.

हार्डवेअरच्या ओळखीचे म्हणाल, तर ती खरी. पण एका टेबलापुरती. टीएससी नावाचा गणक एका प्रोसेसरवर अखंड चालतो, दुसऱ्यावर गाढ झोपेत थांबतो, तिसरीकडे दोन सॉकेटांत जुळत नाही. म्हणूनच कर्नेल त्याच्यावर दुसऱ्या घड्याळाचा पहारा बसवतो. पॅच लिहिणारा आपले यंत्र जाणतो. पॅच मात्र सगळ्यांच्या यंत्रांवर जातो.

चौथा मुद्दा मी बव्हंशी मान्य करतो. नवख्याला तुसडे उत्तर देणे किंवा महिनोन्महिने उत्तरच न देणे, याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्यावर उपाय परीक्षक वाढवणे हा आहे, परीक्षण घटवणे हा नव्हे. पहिला पॅच पाठवणाऱ्याने दुसऱ्याचा पॅच वाचायला बसावे. दोन्ही अडचणी एकदम हलक्या होतील.

राहता राहिला एक नवा युक्तिवाद: २०३५पर्यंत लीप सेकंदाची प्रथा थांबवण्याचा ठराव २०२२ साली झाला आहे, मग ही कटकट आपोआप मिटेल. मिटेल का? १९७२पासून २७ लीप सेकंद मिळवले गेले, वजा एकही नाही. अलीकडे पृथ्वीची गती किंचित वाढल्याने, प्रथा थांबण्याआधी एक सेकंद वजा करावा लागेल की काय, अशी चर्चा आहे. सेकंद वगळणारी शाखा कर्नेलमध्ये कधीपासून लिहून ठेवलेली आहे. चाचणीत कृत्रिम सेकंद वगळून ती चालवता येते. जगभरच्या खऱ्या सर्व्हरांवर एकाच क्षणी ती आजवर एकदाही चाललेली नाही. उद्या तिच्यात कुणी दोन ओळींचा बदल सुचवला, तर तो न वाचता घ्यावा असे म्हणणारा पूर्वपक्षी पुढे यावा आणि आपले नाव त्या पॅचखाली लिहावे.