मुलींचा संघ नाही, मग मी खेळू कुठे?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या. त्यांची सातवीतली मुलगी गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळते, गोलंदाजी चांगली करते. शाळेच्या संघात मात्र तिला घेतलं नाही. "मुलींचा संघ नाही," एवढंच उत्तर मिळालं. ताई म्हणाल्या, "संघच नाही म्हटल्यावर पुढं काय बोलणार?"

पुढं काय बोलता येतं, हे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दोन शाळकरी मुलींनी दाखवलं. त्यांची गोष्ट आज सांगते.

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं थंडीचं राज्य आहे. तिथल्या सेंट क्लाउड शहरात पेगी ब्रेंडन ही १८ वर्षांची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होती. ती टेनिस खेळायची. तिच्या वयाच्या मुलींत त्या भागात तिचा पहिला क्रमांक होता. पण शाळेत टेनिसचा संघ होता तो फक्त मुलांचा. प्रशिक्षक मुलांना, दुसऱ्या शाळांशी सामनेही मुलांचेच. त्याच राज्यात हॉपकिन्स इथं टोनी सेंट पियर नावाची मुलगी होती. ती लांब पल्ल्याचं धावायची आणि पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरच्या शर्यती करायची. तिच्याही शाळेत या खेळांचा मुलींचा संघ नव्हता.

दोघी म्हणाल्या, मग आम्हाला मुलांच्या संघात घ्या. पण राज्यातल्या शाळांच्या क्रीडा संघटनेचा नियम होता, की मुलांच्या आंतरशालेय स्पर्धेत मुलींनी उतरायचं नाही. नियम मोडला तर शाळेवर कारवाई होणार. शेवटी नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या मदतीनं दोघी न्यायालयात गेल्या.

क्रीडा संघटनेचं म्हणणं आपल्याला ओळखीचं वाटेल. पुरुषांची उंची जास्त, ताकद जास्त, दम जास्त. मग मुलींची बरोबरी कशी होणार? न्यायालयानं सगळ्या बायका आणि सगळे पुरुष यांचं वजनमाप काढलं नाही. समोर उभ्या असलेल्या या दोन मुलींना हा खेळ येतो का? आणि शाळेनं त्यांच्यासाठी दुसरी काय सोय केली आहे? एवढंच पाहिलं. खेळ दोघींना येत होता. सोय काहीच नव्हती. मग नुसती मुलगी आहे म्हणून दार बंद ठेवणं अन्यायाचं ठरलं. १ मे १९७२ रोजी न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी दोघींच्या बाजूनं निकाल दिला. संघटना वरच्या न्यायालयात गेली, तिथंही १९७३ मध्ये निकाल कायम राहिला.

निकाल लहानच होता, हेही सांगायला हवं. तो या दोघींपुरता होता, आणि अंगाला अंग न भिडणाऱ्या खेळांपुरता. पेगीच्या शाळेचे तर थोडेच आठवडे उरले होते. पण त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही. त्या सुमाराला देशभरातल्या हायस्कुलांत सुमारे २ लाख ९४ हजार मुली संघांतून खेळत होत्या. आज तो आकडा ३० लाखांच्या वर आहे. पेगी पुढं वकील झाली आणि स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली.

आपल्याकडं रोहतकच्या शफाली वर्मानं लहानपणी केस कापून मुलांमध्ये क्रिकेट खेळलं, कारण मुलींना शिकवायला कुणी तयार नव्हतं. २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा केल्या. तिच्या जिद्दीला सलाम. पण खेळायला मिळावं म्हणून मुलीला मुलगा दिसावं लागतं, हे काही बरं नाही. पेगी आणि टोनी यांनी मुलगी म्हणूनच, स्वतःच्या नावानं मागणी केली.

म्हणून त्या ताईंना मी सांगितलं, "नाही" हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. पहिली ते आठवीच्या सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. आपल्यातल्या कितीजणी तिथं फक्त सही करून येतात? पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी विचारा. शाळेत मुलींसाठी कोणकोणत्या खेळांचे संघ आहेत? आणि जिथं नाहीत, तिथं आमच्या मुलीनं खेळायचं कुठं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच सही करा.