‘क्रिटर्स २’ : परग्रहावरील शत्रू आणि गावचा बाजार

चित्रपटाचा उत्तरभाग म्हणजे पूर्वभागाची व्यापारी पुनरावृत्ती, असा समज रूढ आहे. मिक गॅरिस यांनी दिग्दर्शित केलेला ‘क्रिटर्स २’ (१९८८) हा अमेरिकी विनोदी भयपट त्यास अपवाद ठरतो. १९८६ च्या पूर्वभागात परग्रहावरील खादाड जीव कॅन्ससमधील ग्रोव्हर्स बेंड या कल्पित गावानजीकच्या एका शेतकरी कुटुंबावर हल्ला करतात. उत्तरभागात संकट साऱ्या गावावर येते. परंतु ते आकाशातून उतरत नाही. मागे राहिलेली अंडी विकली जातात व ईस्टरच्या सणासाठी रंगविली जातात.

या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. १९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये शत्रू शेजाऱ्याच्या रूपाने वावरतो, त्यात अनेक अभ्यासकांनी शीतयुद्धकालीन संशयाचे प्रतिबिंब पाहिले. १९८८ मध्ये मात्र गावकरीच शत्रूला विकत घेऊन सणात आणतात. आणि पुढे ते जीव तुटून पडतात तेही गावच्या उपाहारगृहावर. भक्षकाची भूक व ग्राहकाची भूक यांत फारसे अंतर उरत नाही. हास्य आणि भीती या दोहोंचा उगम तेथेच आहे.

या चित्रपटास पूर्वभागाइतके उत्पन्न झाले नाही. तथापि तेवढ्यावरून त्यास अभ्यासाबाहेर ठेवणे म्हणजे त्या काळाचा एक बोलका पुरावा गमावणे होय.