एलएमजी म्हणजे काय? लष्करातल्या मशीनगनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावातला जवान सुट्टीवर आला की पारावर पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, तुम्ही मशीनगन चालवली का?" सिनेमात हिरो एका हाताने गोळ्या झाडत सुटतो आणि मॅगझिन काही संपत नाही. खऱ्या लढाईत तसं नसतं. भरतीची तयारी करणारी मुलं आणि फायरिंग रेंजजवळची गावं, दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती.

रायफल आणि मशीनगनमध्ये फरक काय?
रायफल हे एका जवानाचं हत्यार. मशीनगन पूर्ण तुकडीसाठी असते. घोडा दाबून धरला की ती सलग गोळ्या सोडते. तिचं मुख्य काम शत्रूला डोकं वर काढू न देणं. तेवढ्या वेळात आपले जवान पुढे सरकतात. यालाच कव्हरिंग फायर म्हणतात.

एलएमजी, एमएमजी, एचएमजी म्हणजे काय?
एलएमजी म्हणजे लाइट मशीनगन. ही जवान खांद्यावर घेऊन चालतो आणि पुढच्या दोन पायांवर टेकवून चालवतो. एमएमजी म्हणजे मीडियम. ती पट्ट्याने गोळ्या घेते आणि बऱ्याचदा तिवईवर बसवतात. आपल्या लष्कराची 7.62 मि.मी. एमएमजी मूळ बेल्जियमच्या रचनेची असून ती कानपूरच्या कारखान्यात बनते. एचएमजी म्हणजे हेवी. 12.7 मि.मी.ची ही गन रणगाड्यावर दिसते.

भारतीय लष्कराकडे कोणती एलएमजी आहे?
जुन्या फौजींच्या तोंडी आजही 'ब्रेन' असते. झेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो शहर आणि इंग्लंडमधलं एनफिल्ड, या दोन नावांतून हे नाव आलं. वजन साधारण 10 किलो, मॅगझिन 30 गोळ्यांचं. त्यानंतर 5.56 मि.मी.ची इन्सास एलएमजी आली. मार्च 2020 मध्ये 16,479 एलएमजींसाठी इस्रायली कंपनीशी करार झाला. ती 7.62 मि.मी.ची नेगेव्ह.

सलग किती वेळ चालते?
हिशोब सोपा आहे. मिनिटाला 600 चा वेग धरला तर सेकंदाला 10 गोळ्या होतात. म्हणजे 30 चं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं! म्हणून जवानाला तीन ते पाच गोळ्यांचे छोटे बर्स्ट मारायला शिकवतात. सलग मारा केला तर नेम हलतो, दारूगोळा संपतो आणि बॅरल तापते. तापलेल्या बॅरलने नेम बिघडतो, ती लवकर झिजते. म्हणून अनेक मशीनगनची बॅरल चटकन बदलता येते.

एकटा जवान चालवतो का?
चालवू शकतो, पण सहसा जोडी असते. नंबर एक नेम धरतो. नंबर दोन मॅगझिन देतो, बॅरल बदलायला मदत करतो आणि आजूबाजूला नजर ठेवतो. नंबर एक पडला तर गन नंबर दोन सांभाळतो. त्यामुळे दोघांनाही सगळं काम यावं लागतं.

समोर मशीनगन असेल तर काय होतं?
रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. 10 जुलै 1944 रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांचे सगळे साथीदार ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली आणि उरलेल्या शत्रूंना भिडले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा शेवटच्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. तिथेच शत्रूच्या गोळीने त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा वय अवघं 22.

माजी सैनिकाला मशीनगनचं लायसन्स मिळतं का?
नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार स्वयंचलित शस्त्र 'प्रतिबंधित' आहे. बेकायदा बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 ते 14 वर्षांची शिक्षा आहे. कुणी "लायसन्स काढून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजा.

रानात काडतूस सापडलं तर काय करावं?
मशीनगनची 7.62 ची गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते. म्हणून फायरिंगच्या दिवशी रेंजवर लाल झेंडे लावतात. त्या दिवशी गुरं तिकडे नेऊ नयेत. जिवंत काडतूस किंवा ओळखू न येणारी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका, ठोकू नका, घरी आणू नका. पितळेचे चार पैसे मिळतील म्हणून भंगारातही विकू नका. रेंजवर मशीनगनच्या गोळ्यांबरोबर न फुटलेले बॉम्बही असू शकतात, आणि मातीत पडलेला बॉम्ब वरून ओळखता येत नाही. जागेवर खूण लक्षात ठेवा, पोरांना लांब करा आणि पोलीस पाटलांना किंवा 112 वर कळवा.