रमाबाईंची यादी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचं स्टेशन लागतं. आपण खिडकीतून ऊस बघतो आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतो. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. मग कधीतरी लक्षात आलं की 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या मिळवलेली, इंग्लंड-अमेरिका गाजवून आलेली एक बाई आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं इथे राहिली. तेव्हा तर हे पार आडगाव. का बरं राहिली असेल?

पंडिता रमाबाईंबद्दल शाळेत आपण दोनच ओळी शिकतो. एक, त्यांनी 'शारदा सदन' काढलं. दोन, त्या ख्रिस्ती झाल्या. पहिली ओळ कौतुकाने, दुसरी जरा आवाज खाली आणून. पण दुसऱ्या ओळीमुळे पहिलीचं पुढे काय झालं, हे कुणी सांगतच नाही.

थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव हिंडायचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आधी वडील गेले, मग आई. मोठी बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केलं. १८८२ मध्ये तेही गेले. हातात लहानगी मनोरमा.

म्हणजे चोविसाव्या वर्षीच बाईंनी जवळजवळ सगळं गमावलं होतं. आणि तरी त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि सरकारच्या हंटर आयोगासमोर साक्ष देऊन हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं सांगितलं. स्त्रियांचं काम हे त्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतंच. त्यासाठी ख्रिस्ती व्हायची गरज पडली नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे. या भगिनींचं लंडनमधल्या फुलमला एक घर होतं. समाजाने 'वाईट चालीच्या' ठरवून टाकलेल्या बायकांसाठी. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या हादरल्याच. अशा बाईची कीव करायची नसते, तिला शिक्षाच व्हायला हवी, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. इथे तर शिकल्यासवरलेल्या बायका त्यांची सेवा करत होत्या. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग आपल्या वळणाचं ठिकाण म्हणून सांगितलाय. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

बाप्तिस्म्यानंतर बाई गरीब गाय झाल्या असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावरून त्यांचा वाद. त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद. बिशप सांगतील तेच खरं कशावरून, हाही वाद. आपली बुद्धी त्यांनी कुणाकडे गहाण टाकली नाही.

आता गंमत बघा. धर्म बदलला, पण यादी फारशी बदलली नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. नंतर ते पुण्याला आलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर. मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुली, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थता, असा करार. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं.

खरा बदल आला १८९१ च्या आसपास. बाईंनी स्वतःच लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोपर्यंत श्रद्धा डोक्यात होती, आता ती खाली उतरली. त्या आपल्या खोलीत रोज प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये ठिणगी पडली. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

चूक कुणाची? सल्लागारांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. तटस्थतेच्या भरवशावर त्यांनी लोकांच्या मुली तिथे आणल्या होत्या, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या निराधार मुलीला ज्या बाईंचा आधार, त्यांचाच देव तिला जवळचा वाटणार. बाईंचं म्हणणं असं की मी कुणावर सक्ती केलेली नाही, पण माझ्याच घरात दार लावून प्रार्थना करणार नाही. १८९१ च्या आधीच्या रमाबाईंनी कदाचित दार लावलंही असतं. संस्था टिकणं तेव्हा वरच्या नंबरावर होतं. आता ते खाली घसरलं होतं.

आणि मग दुष्काळ. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं उपाशी मरायला लागली. बाई तिकडे गेल्या. स्वतःचे आई-वडील असेच गेलेले, त्यामुळे समोर काय दिसतंय हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. जात विचारली नाही. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात इतक्या मुली ठेवू देईनात. म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ती'. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. आणि 'कृपा सदन' नावाचं एक घर होतं, समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलमला पाहिलेलं घर केडगावात उभं राहिलं होतं.

आता तो मघाचा मुद्दा. स्त्रियांसाठी काम करायला धर्म बदलावा लागत नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला तो हिंदू राहूनच, आणि तो मोठा झाला. रमाबाईंच्या बाबतीत श्रद्धेने काम बदललं नाही, काम कुणासाठी ते बदललं. आधी यादीत होती आपल्यासारख्या घरातली, शिकवलं तर नाव काढेल अशी विधवा. नंतर यादीत आली आजारी, निरक्षर, जातीची चौकशी न झालेली, जिच्या शिकण्याचं कौतुक करायला कुणीच येणार नाही अशी मुलगी. आणि ही अदलाबदल फुकट झाली नाही. पुण्यातलं वजन गेलं, रानड्यांसारखे मित्र दुरावले, शारदा सदन सुरुवातीला जे होतं ते राहिलं नाही.

शेवटची वर्षं त्यांनी एका कामात घातली. बायबलचं मराठी भाषांतर आधीपासून होतं, पण संस्कृत शब्दांनी जड झालेलं. मुक्तीतल्या मुलींना ते कळेना. म्हणून बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात.

जिला संस्कृतासाठी कलकत्त्याने सरस्वती म्हटलं, ती बाई म्हातारपणी केडगावात बसून एकेक संस्कृत शब्द काढून टाकत होती, दुष्काळातून आलेल्या मुलींना वाचता यावं म्हणून. माझी ख्रिस्तावर श्रद्धा नाही. पण श्रद्धेने माणसाचं काय बदलतं असं मला कुणी विचारलं, तर मी आता केडगाव सांगतो.