थेंबे थेंबे तळे साचे

एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव... असे मिळवत गेलो तर बेरीज १० ओलांडेल का? वर्गात एका मुलाने विचारले होते. "तुकडे लहान होत जातात, बेरीज अडणारच," असे मी ठोकून दिले.

निवृत्तीनंतर वाचले, की फ्रान्सच्या निकोल ओरेमने १३५० च्या सुमारास याचे उत्तर दिले होते. १/३ हा १/४ पेक्षा मोठा, म्हणून दोघांची बेरीज अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ या चारांचीही तशीच. पुढे आठांची, सोळांची. प्रत्येक गटातून अर्ध्याहून जास्त, म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या ओलांडता येते. १० साठी १२,३६७ अपूर्णांक लागतात.

ओरेमची युक्ती विस्मरणात गेली. सतराव्या शतकात मेंगोली आणि बर्नुली बंधूंनी हे नव्याने सिद्ध केले. गणिताची चूक अशी दुरुस्त होते. त्या मुलाला मात्र मी "करून पाहू या" म्हणालो नाही, ते राहूनच गेले.