मेंदूच्या हळदीचे वय

हळदीतले कर्क्युमिन ताणामुळे मेंदूत होणारा दाह शमवते असे हल्ली सांगतात, आणि जोडीला हजारो वर्षांच्या परंपरेची ग्वाही देतात. पहिल्या विधानाचा निकाल प्रयोगशाळा लावतील. दुसरे इतिहासाचे आहे आणि ते मला टिकणारे वाटत नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये वर्षानुवर्षे हळद राहिली. ती विकली गेली मसाल्यासाठी, रंगासाठी, देवासाठी, लग्नघरासाठी. सौद्यात हळकुंडाचा रंग, जाडी, वाळवण पाहत. मनःशांतीला तिथे भाव नव्हता. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी कर्क्युमिन वेगळे काढले, तेही पिवळे रंगद्रव्य म्हणूनच.

यावर पेटंटच्या लढ्याचा दाखला हमखास दिला जातो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५मध्ये हळदीवर अमेरिकी पेटंट मिळाले; डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने लेखी पुरावे पुढे केले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. विजय खराच, पण तो होता जखम भरण्याच्या उपयोगावर. घरोघरी चिरलेल्या बोटावर हळद दाबतात, तेच ज्ञान तिथे सिद्ध झाले. मेंदूची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. त्याच १९९५ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातून, दाहाची जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला कर्क्युमिन रोखते, असा निबंध आला. त्या प्रयोगशाळेचे अनेक निबंध पुढे मागे घेतले गेले. तरी दिशा ठरली होती, आणि ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूपर्यंत इतरांचे प्रयोग पोचले.

खरा वजनदार आक्षेप चरकसंहितेतून येतो. उन्मादाच्या चिकित्सेत सांगितलेल्या कल्याणक घृतात हळद आणि दारुहळद दोन्ही आहेत. म्हणजे मनाच्या विकारात हळद होतीच, हे मान्य करायलाच हवे. पण तिथे ती अठ्ठावीस द्रव्यांपैकी एक आहे, तुपात सिद्ध केलेली, आणि तेच तूप ताप-खोकल्यावरही दिले आहे. या मिश्रणातून एक रेणू उचलून त्याला सगळे श्रेय देणे चरकाला अभिप्रेत नव्हते. रोजच्या फोडणीचा आधारही तोकडा पडतो. १९९८मध्ये बंगळुरूच्या प्रयोगात मिरीतल्या पिपेरिनने माणसाच्या रक्तातले कर्क्युमिन वीसपट वाढले, हे खरे. पण त्यासाठी दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले होते. हळदीत ते साधारण तीन टक्के धरले, तर एका वेळेला पासष्टएक ग्रॅम हळद लागेल. आमटीत पडते ती चिमूटभर.